एकतीस चिठ्ठ्या, एक बाद

मंगळवार, ३ डिसेंबर. इयत्ता सातवी ब. पट एकतीस, हजर एकोणतीस, गैरहजर दोन.

वेदांत: ताप. आईची चिठ्ठी आली.

दीक्षा: चिठ्ठी नाही, फोन नाही.

शाळेत हजर मोठी माणसं: मुख्याध्यापक, म्हणजे आमचे मोठे सर, शिपाई बाबीमामा, खिचडी शिजवणाऱ्या दोघी ताई, आम्ही सहा शिक्षक. वर्गाची मॉनिटर सेजल हजर, पण हजेरीच्या वेळी तिने मान वर केली नाही.

हे माझ्या वहीतून उतरवून घेतलंय. सेजलबद्दलचं वाक्य मात्र मी त्या संध्याकाळी घरी जाऊन घातलं. सकाळी मला ते दिसलं होतं, पण लिहिण्याजोगं वाटलं नव्हतं.

मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या अलीकडच्या एका गावात मी सव्वीस वर्षं शिकवते आहे. विषय गणित. पण तुमचं काम काय असं कुणी विचारलं तर मी वर्गशिक्षिका असं सांगते, कारण गणित आठवड्याला सहा तास आणि वर्गशिक्षकपण चोवीस तास. बाहेरच्यांना वाटतं, वर्गशिक्षिका म्हणजे हजेरी घेणारी बाई. ते खरंच आहे. प्रार्थना झाल्यावर दहा मिनिटांत एकतीस नावं घ्यायची, आज खिचडीला किती तो आकडा स्वयंपाकघरात पाठवायचा, कोणाचा गणवेश नाही, कोणाचा दाखला यायचा आहे ते बघायचं. पण हजेरीची एक रीत आहे आणि ती मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते. मान वर ठेवायची. नाव कागदावर वाचायचं आणि 'हजर बाई' ऐकताना तोंडाकडे बघायचं. बारा वर्षांचं मूल त्या दोन शब्दांत बरंच काही सांगून जातं. घरी रात्री भांडण झालंय, सकाळी चहाच पिऊन आलंय, बाजूच्याशी अबोला धरलाय. अबोला सगळ्यांत लवकर कळतो.

सातवी हे अडनिडं वर्ष. चौथीतल्या मुलाला घरी गेल्यावर आई दिसली की दिवस भरून निघतो. सातवीत मैत्रीण बोलली तर शाळा बरी, नाही बोलली तर शाळा, गणित, समुद्र आणि चतुर्थीचे मोदकसुद्धा वाईट. पालकांना हे पटत नाही. एका वर्षी एक गृहस्थ आले. किनाऱ्यावर त्यांच्या पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. ऑफिसात बसून त्यांनी पुस्तकी मराठीत सुरुवात केली, "मॅडम, माझ्या मुलीला जरा हुशार मैत्रीण देण्यात यावी." मी म्हटलं, तशी सोय आमच्याकडे नाही. त्यावर ते सरळ मालवणीवर आले. "अवो बाईनू, बाक बदलूक किती वेळ लागता? आमी गिऱ्हायकाक खोली बदलून दितोच मा!" मी बाक बदललं. पंधरा दिवसांत हुशार मुलीचे गुण उतरले आणि दोघी मिळून दप्तरातून मीठ-मिरची लावलेल्या कैऱ्या वर्गभर पुरवू लागल्या. गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

बाकांची यादी हा माझा अभिमानाचा विषय. जूनमध्ये वर्ग हातात आला की कोण कोणाशेजारी बसणार ते मी ठरवते. सुरुवातीला मी बडबड्या जोड्या फोडायचे आणि शांत वर्गाचं कौतुक करून घ्यायचे. मग एका वर्षी दोन मुली आल्या. दोघी एकमेकींच्या चपलांतली एकेक घालून यायच्या, एक लाल, एक निळी. त्यांना मी वर्गाच्या दोन टोकांना बसवलं. त्यातल्या एकीच्या पोटात रोज तिसऱ्या तासाला दुखायला लागलं. ग्रामीण रुग्णालयात दोन वेळा नेलं, डॉक्टरांना काही सापडेना. परत जोडीने बसवलं आणि पोटदुखी गेली. तेव्हापासून मी चिठ्ठ्या काढायला लागले.

जुलैत एका शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रत्येकाला वहीचं पाव पान द्यायचं. पुढच्या बाजूला लिहायचं, तुला कोणाशेजारी बसायला आवडेल, तीन नावं. मागच्या बाजूला स्वतःचं नाव. मी घरी बसून पटावरच्या प्रत्येक नावापुढे रेघा ओढते. ज्याच्या नावापुढे खूप रेघा त्याची मला काळजी नसते, असं मी तेव्हा म्हणत असे. एक रेघ असली तरी चालतं, त्या एकाच्या जवळपास बसवायचं. ज्याच्यापुढे एकही नाही, त्याच्याखाली तांबड्या पेनाने रेघ.

गेल्या वर्षीचा हिशेब माझ्या वहीत असा आहे. चिठ्ठ्या एकतीस. बाद एक, नावं वर्गाबाहेरची. सेजल, एकोणीस रेघा. दीक्षा, एकही नाही, तिची स्वतःची चिठ्ठीही नाही.

बाद चिठ्ठी दरवर्षी एखादी निघतेच. कोणी क्रिकेटपटूचं नाव लिहितो, कोणी मुंबईच्या मावसभावाचं. ती उलटून न बघता मी पाकिटात टाकते. आता ही नोंद वाचणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल की मुलं एकतीस, चिठ्ठ्या एकतीस, मग दीक्षाची चिठ्ठी नाही हे कसं? गणिताच्या बाईच्या लक्षात ते यायला डिसेंबर उजाडला.

दीक्षा त्याच जूनमध्ये दोडामार्गहून आली होती. नाव मी बदललंय. वडील गोव्यात कारखान्यात. घरात काय बिनसलं ते मी विचारलं नाही. आई मुलीला घेऊन माहेरी आली आणि तारकर्लीला एका पर्यटक निवासाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. आमच्या वर्गातली मुलं बालवाडीपासून एकत्र. एकमेकांच्या आज्यांची नावं, होड्यांची नावं, कोणाच्या कुत्र्याने कोणाला चावलंय ते सगळं त्यांना पाठ. तिथे काजू-रबराच्या मुलखातली एक मुलगी येऊन बसली. तिला कोणी त्रास दिला नाही, चिडवलं नाही. दुपारच्या सुट्टीत सगळे व्हरांड्यात गोल करून खिचडी खायचे आणि दीक्षा पायरीवर भिंतीला टेकून खायची. इतकंच. हे 'इतकंच' फार वाईट असतं, कारण त्याची तक्रार करता येत नाही.

दिवाळीपर्यंत मी वाट बघितली. सुट्टीनंतर मला राहवेना. आणि मला राहवलं नाही की मी यादी करते. वर्गातल्या बाकीच्या बारा मुलींच्या सहा जोड्या पाडल्या. प्रत्येक जोडीला एक वार. त्या दिवशी त्या दोघींनी दुपारी दीक्षाजवळ बसायचं. कागद आखला, तांबड्या शाईने वार घातले आणि सेजलला स्टाफरूममध्ये बोलावून दिला. "दीक्षाला कळता कामा नये," असं बजावलं. सेजल म्हणाली, "व्हय बाईनू," आणि कागदाची चार घड्यांची पुडी करून कंपासपेटीत ठेवली.

यादी लागू पडली. व्हरांड्याच्या खिडकीतून मी रोज बघायचे आणि वहीत लिहायचे: दीक्षा, ठीक. तिसऱ्या दिवशी ती हसताना दिसली. दुसऱ्या आठवड्यात 'हजर बाई' थोडं मोठ्याने आलं. मोठ्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा माझ्या आवाजात काय होतं ते मला आठवतं, म्हणून इथे लिहीत नाही.

मग तो मंगळवार.

माझा नियम असा, की चिठ्ठीशिवाय गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी दुसरा तास संपायच्या आत फोन करायचा. सव्वाअकराला मी दीक्षाच्या आईला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मालवणीत मुलगी म्हणजे चेडू, 'ती' नव्हे 'तां'.

"बाईनू, तां पावणेधाकच गेला. दप्तर घेवन गेला. मी सोता बघलंय."

"शाळेत आली नाही."

भांड्यांचा आवाज थांबला. तिने कोणाला तरी गॅस बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, "मी भायर पडतंय. पण बाईनू, तेच्या बापाशीक फोन करू नकात. तो म्हणतलो, एक चेडू सांभाळूक येणा नाय."

घर ते शाळा पंधरा मिनिटांचा रस्ता. माडांच्या बागा, एक वळण, एक व्हाळी म्हणजे छोटा ओढा, मग शाळा. पावणेदहाला निघालेली मुलगी दीड तासात कुठे असू शकते याची यादी मी हजेरीच्या कागदामागे केली. एक, मालवणचा एसटी स्टँड, तिथून सावंतवाडीची गाडी, पुढे दोडामार्ग. दोन, तिच्या आईची मामी. तीन, देवळाचा मंडप. चार, जेटी. पाचचा आकडा लिहिला आणि पुढे काही लिहिलं नाही. किनाऱ्यावरच्या शाळेत पाचवी जागा कुठली, ते लिहावं लागत नाही.

मी वर्गात परत गेले. "दीक्षाबद्दल कोणाला काही माहीत आहे?" सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली. बाहेर आले तर सेजल मागोमाग आली. हातात कंपासपेटी.

"बाईनू, माझ्याकडसून झाला."

"काय झालं?"

"काल तन्वी नि रियाची ड्युटी होती. ती दोघां इसारली नि नळाकडे गेली. मी हाक मारलंय, गो, आज सोमवार, दीक्षाकडे तुमची ड्युटी! दीक्षा माझ्या मागेच उभा होता. ताट घेवन."

"मग?"

"माका इचारल्यान, माझ्याबरोबर बसूची ड्युटी आसा काय गो? मी काय सांगू? मी यादी दाखवलंय. म्हटलंय, बाईंनी दिल्यानी."

"दीक्षा काय म्हणाली?"

"कायच नाय. खिचडी संपवल्यान. ताट धुतल्यान. नि वर्गात जावन बसला."

तिने पेटीतून कागद काढून माझ्या हातात दिला. घड्या नीट होत्या, कुठे डाग नव्हता. "तुमी सांगलात म्हणान मी जपून ठेवलंय," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काल दुपारी हे चाललं होतं तेव्हा मी खिडकीत होते. दीक्षा खाली मान घालून नीट जेवताना दिसली. माझ्या वहीत सोमवारची नोंद आहे: दीक्षा, ठीक.

मोठ्या सरांनी पोलीस पाटलांना फोन लावायला घेतला. मी बाबीमामांच्या मोटरसायकलवर मागे बसले. बाबीमामा वीस वर्षं शाळेत आहेत, गावातलं प्रत्येक कुंपण त्यांना माहीत. एसटी स्टँडवर त्यांच्या ओळखीचा कंट्रोलर. त्याने फोनवर सांगितलं, शाळेच्या गणवेशातली मुलगी गाडीत चढलेली नाही. मामीकडे नाही. मंडपात दोन म्हातारे पत्ते खेळत होते. जेटीवर पर्यटकांच्या होड्या सुटत होत्या, लाल जाकिटं घातलेली माणसं फोटो काढत होती. मी प्रत्येक जाकिटाकडे बघत होते. कागदावर चार ठिकाणी काट मारून झाली.

"आता खंय, बाईनू?" बाबीमामांनी विचारलं.

मी किनाऱ्याकडे हात केला. त्यांनी गाडी वळवली.

किनाऱ्यावर रापण ओढत होते. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर वाळूत दोन रांगा करून माणसं ओढतात. तास-दोन तास लागतात. जाळ्याचे भागीदार ठरलेले असतात, पण ओढताना जो कोणी येऊन हात लावील त्याला मासळीतला थोडा वाटा मिळतो. त्याला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. माझं सगळं आयुष्य या किनाऱ्यावर गेलं, ही रीत मला लहानपणापासून माहीत आहे आणि तरीही माझ्या पाच जागांत ती नव्हती.

डावीकडच्या दोरावर तेरा-चौदा माणसं होती. शेवटून तिसरी, निळ्या गणवेशातली, ओढणी कमरेला बांधलेली. दप्तर उलट्या होडीवर ठेवलेलं.

बाबीमामा वाळूतच बसले आणि दीक्षाच्या आईला फोन लावू लागले. मला पुढे जाववेना. दोराच्या पुढे उभे असलेले नानू तांडेल, होडीचे मुख्य, साठीच्या पुढचे, त्यांची नात माझ्याकडे शिकून गेलेली. ते ओरडले, "बाईनू, ह्या चेडू तुमच्यातला काय?"

"आमचंच. तुम्ही विचारलं नाहीत, शाळा सोडून इथे कशी म्हणून?"

"दोर ओढतल्याक कोण इचारता? आणि रडत होता तां. रडतल्याक तर इचारूचाच नाय. दोराक लावचा. मगे आपसूक सांगता." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी उब्या कित्याक? हात लावा. नायतर वाटेतसून बाजूक व्हा."

मी पर्स आणि चपला होडीवर ठेवल्या आणि दीक्षाच्या मागे दोर धरला. ओला, खरखरीत, हाताला चावणारा. दोन पावलं मागे, थांबायचं, परत दोन पावलं. ती वळून बघत नव्हती. मला तिची वेणी आणि वाळूने भरलेले पाय दिसत होते.

"दीक्षा."

"मी हरवलंय नाय, बाई." आमची मुलं बाईनू म्हणतात, ती बाई म्हणते.

"ती यादी माझी होती. सेजलची चूक नाही."

"म्हायत आसा. अक्षर तुमचा होता."

दोन पावलं. थांबलो. पाण्यात जाळ्याचे तरंगते गोळे दिसायला लागले होते. पुढच्या बायका मासळी किती येईल यावर एकमेकींना टोमणे मारत होत्या. एक म्हणाली, आज बाई इल्या, आता तारल्यो गुणाकारान येतल्यो. सगळे हसले. दीक्षाही हसली असावी, तिचे खांदे हलले. मग तिने मान न वळवता सांगितलं, "हयसर कोणाची ड्युटी नाय."

मी दोन पावलं मागे सरले. दोर ओढत राहिले.

जाळं वर आलं तेव्हा विचारलं, "शाळेत येशील?"

"येयन. पण माझ्याबरोबर बसाक कोणाक सांगू नकात."

"नाही सांगणार."

"नक्की?"

"नक्की."

"वहीत पण लिवू नकात."

तेही कबूल केलं; 'दीक्षा, ठीक' ही नोंद तिथेच थांबली.

वाटे पडले. दीक्षाला पाच बांगडे आणि ओंजळभर तारल्या मिळाल्या, मलाही तेवढ्याच. मी म्हटलं, मंगळवार माझा वार, मी खात नाही. नानू तांडेल म्हणाले, "वार तुमचो, माशांचो नाय. घरातल्यांका घाला." तेवढ्यात दीक्षाची आई स्वयंपाकाच्या साडीतच धावत आली, पदराला हळद लागलेली. तिने मुलीवर हात उगारला होता. दीक्षाने तिच्यापुढे पिशवी धरली. "माझो वाटो." आईने पिशवी घेतली आणि मटकन वाळूत बसली.

घरी आल्यावर मी जुलैचं पाकीट काढलं. बाद चिठ्ठी वरच होती. पुढे तीन नावं, वळणदार अक्षरात: साक्षी, मयुरी, रोजलिन. खाली बारीक अक्षरात, दोडामार्ग. चिठ्ठी उलटली. मागे दीक्षाचं नाव होतं.

मी विचारलं होतं, कोणाशेजारी बसायला आवडेल. तिने खरं उत्तर लिहिलं होतं. तीन मैत्रिणी असलेल्या मुलीच्या नावाखाली मी तांबडी रेघ मारली आणि तिला मैत्रिणी नेमून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दीक्षाचं नाव घेतलं तेव्हा माझी मान खाली होती. वर करायचा धीर होईना. 'हजर बाई' आलं, मग वर बघितलं. तेव्हापासून रोज, तिचं नाव आणि तिचं 'हजर' यांच्या मधला तो अर्धा क्षण मला फार लांब वाटायचा. आता ती माझ्या वर्गात नाही, तरी आठवीची हजेरी चालू असली की मी व्हरांड्यात थांबते.

शब्द दिला होता, म्हणून मी काही केलं नाही. डिसेंबरभर ती पायरीवर एकटी जेवली आणि मी खिडकीतून बघितलं. सव्वीस वर्षांत याच्याइतकं अवघड काम मी केलेलं नाही. जानेवारीत शाळेमागच्या परसबागेत लाल भाजी लावली, खिचडीबरोबर शिजवायला. विहिरीवरून पाणी आणायला यादी करायची माझी सवय. या वेळी फळ्यावर एकच ओळ लिहिली: जो पाणी घालील त्याला भाजीचा वाटा. पहिल्या दिवशी चार मुलगे आले आणि एकमेकांना भिजवून गेले. चौथ्या दिवशी दीक्षा आली. आठवड्याने सेजल आली, तिने दुसरी कळशी उचलली. दोघी मैत्रिणी झाल्या का, ते मला माहीत नाही. बोलायच्या. एकदा भाजी खुडताना सेजलने मला विचारलं, "बाईनू, आठवीत पण चिठ्यो काढतत काय?"

"का गं?"

"नाय, म्हणजे माझा नाव कोणी लिवक नाय तर?"

एकोणीस रेघांची मुलगी. तिची काळजी करायची नसते असं मी म्हणत होते. यंदाच्या जुलैत मी चिठ्ठ्या काढल्या नाहीत. बाकं मुलांनीच ठरवली, वर्गात गोंगाट आहे.

आता राहिलेलं एक.

डिसेंबरातच एकदा मी दीक्षाला विचारलं, साक्षी कोण? तिचा चेहरा असा बदलला की मला लाज वाटली, हे पाच महिने आधी विचारता आलं असतं. साक्षी शेजारची, मयुरी आणि रोजलिन मागच्या बाकावरच्या, चौघी मिळून काजू भाजायच्या आणि एकदा शाळेमागचं गवत पेटवलं होतं. मी विचारलं, फोन होतो का? "बापाशीच्या फोनात नंबर होते. आवशीच्या फोनात नाय." मी म्हटलं, "मी बघते." शिक्षकाने मुलाला 'मी बघते' म्हणणं म्हणजे काय, हे फक्त मुलाला कळतं.

तिच्या जुन्या शाळेत फोन केला. तिथल्या बाईंना दीक्षा आठवत होती, म्हणाल्या, कधीही घेऊन या, तिघी इथेच आहेत. दोन एसटी बदलून तीन-साडेतीन तास. जानेवारीत स्नेहसंमेलन आलं. मग परीक्षा. मेपर्यंत तिच्या आईला सुट्टी मिळेना, पर्यटकांचा हंगाम. जूनमध्ये शाळा, मग पाऊस, मग माझं प्रशिक्षण, मग चतुर्थी. साक्षीच्या घरचा नंबर मिळाला तो लागत नाही. दीक्षाने पुन्हा एकदाही विचारलं नाही. व्हरांड्यात भेटली की 'नमस्ते बाई' म्हणते आणि क्षणभर थांबते. मग जाते.

हा लेख आज पुरा झाला, वहीत त्याच्यापुढे खूण केली. सप्टेंबरचं पान भरलं म्हणून ऑक्टोबरचं आखायला घेतलं. न झालेली कामं नव्या पानावर उतरवून घ्यायची, हा माझा जुना नियम. तीन होती. दोन किरकोळ. तिसरं गेल्या डिसेंबरपासून दर महिन्याला उतरवते आहे, अक्षर तेच, ओळ तीच: दीक्षा. साक्षी, मयुरी, रोजलिन. दोडामार्ग.

पुढे चौकोन काढला. तो रिकामा आहे.